आश्रिताचा रकाना

हनुमंतरावांच्या आजोबांनी तंजावरच्या राजावर छत्र धरलं होतं. राज्य खालसा झाल्याला चाळीसहून जास्त वर्षं उलटली. राजा गेला, छत्र गेलं, पण ते धरणाऱ्याचा ताठा मात्र कुंभकोणमला आमच्या आळीत येऊन राहिला. समोरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, हनुमंतराव सकाळपासून जरीचं उपरणं घेऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दरबारच्या गोष्टी सांगत. त्या दरबारात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकणार कसं, तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता!

घर चालवत होती त्यांची थोरली विधवा बहीण, रुक्मिणीबाई. मागच्या पडवीत ती सोवळ्यानं उडदाचं पीठ कुटायची आणि अप्पळम् लाटायची, म्हणजे आपले पापड. सोवळ्यातले म्हणून जवळच्या पट्टीश्वरम् गावच्या लग्नघरांतून तिलाच मागणी असे. गिऱ्हाइकांनी मागच्या दारानं यावं आणि मागच्याच दारानं जावं असं भावाचं फर्मान होतं, कारण पुढच्या दारी दरबार भरलेला असे. भाऊ, भावजय आणि त्यांची मुलं त्या पापडांवर जेवत, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

अशात एकोणीसशे एकची खानेसुमारी आली. आमच्या आळीचे मोजणीदार होते गुरुमूर्तिमास्तर, आपल्याच तंजावरी मराठी मंडळींतले. आधी घरोघरी जाऊन काळ्या शाईनं लिहायचं, मग ठरलेल्या संध्याकाळी पुन्हा येऊन चुकलंमाकलं लाल शाईनं दुरुस्त करायचं, अशी सरकारची रीत. कमावतं कोण आणि कोण कोणाच्या कमाईवर जगतं, याचे वेगळे रकाने होते.

मास्तर हनुमंतरावांच्या ओट्यावर बसले तेव्हा मी तिथेच होतो.

"धंदा?" मास्तरांनी विचारलं.

"दरबारी मानकरी."

मास्तरांनी लेखणी थांबवली. पण तेवढ्यात समोर तळलेल्या अप्पळम्‌ची ताटली आली आणि लेखणी पुढे चालू लागली.

दाराआडून रुक्मिणीबाई म्हणाली, "माझ्यापुढें अप्पळम् लिहा. मी तें करतें."

"ती कांहीं करत नाहीं," हनुमंतराव घाईनं म्हणाले. "माझी आश्रित म्हणून लिहा. अक्का, सरकारी कागदावर पापड लिहिला तर कुळाची अब्रू काय राहील?"

"आणि नाहीं लाटला तर कुळ काय खाईल, हनुमंता?"

मास्तरांनी 'आश्रित' लिहिलं आणि दुसरा अप्पळम् उचलला. मला असा संताप आला की ती ताटलीच उलटून टाकावी. दाराआड बाई पदरानं डोळे पुसत होती. तिला कौतुक नको होतं. हातानं केलेलं काम तिनं केलं म्हणून लिहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

दुसऱ्या दिवशी मुसळाचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हनुमंतराव पडवीत गेले, तर बाई जपमाळ घेऊन बसलेली.

"सरकारनं लिहिलंय, मी कांहीं करत नाहीं," ती म्हणाली. "सरकारी कागद खोटा कसा पाडूं? तूं मानकरी आहेस, घर चालव."

मागचं दार बंद दिसलं तशी गिऱ्हाइकं वळसा घालून पुढच्या दारी आली. हनुमंतराव राजाच्या हत्तीची गोष्ट रंगवून सांगत असत आणि मध्येच कोणी विचारी, "स्वामी, अप्पळम् कधी मिळतील?" घरात आधी तूप संपलं, मग डाळ, मग कॉफी. हनुमंतराव नेमके जेवणाच्या वेळेला माझ्याकडे दरबारच्या गोष्टी घेऊन येऊ लागले. माझ्या बायकोनं दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा मात्र दार लावून घेतलं.

मोजणीच्या संध्याकाळी कोणी घराबाहेर जायचं नाही असा हुकूम होता, म्हणून सगळी आळी आपापल्या ओट्यांवर. मास्तर लाल शाईची दौत घेऊन आले. हनुमंतराव उठून उभे राहिले. भुकेनं त्यांचा आवाज बराच मऊ झाला होता.

"अक्काच्या पुढें अप्पळम् लिहा."

मास्तरांनी लिहिलं. "आता तुमचं," ते म्हणाले.

"माझं काय? मी मानकरी आहेंच."

"आज पोट कशावर चालतं ते विचारतंय सरकार. बाई कमावत्या झाल्या, मग त्यांच्या कमाईवर जगणारे कोण, तेही लिहायला हवं."

हनुमंतरावांनी दाराकडे पाहिलं. बहीण काही बोलेल, सावरून घेईल, अशी त्यांची आशा असावी. रुक्मिणीबाई उंबऱ्याबाहेर आली. तिला पुढच्या ओट्यावर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"लिहा, माझा आश्रित," ती म्हणाली.

"अक्का, आळी बघतेय."

"बघूं दे. मी मागें कुटत होतें तेव्हां कोणाला दिसत नव्हतें."

मास्तरांनी दौतीत लेखणी बुडवली आणि जरा ओशाळून विचारलं, "मग तें 'मानकरी' खोडूं?"

हनुमंतराव बराच वेळ उपरण्याचा काठ चोळत राहिले. "खोडा," ते अखेर म्हणाले. "पण रेघ बारीक मारा. खालचं वाचतां येऊं दे."

"जाड मारा, मास्तर," रुक्मिणीबाई म्हणाली, आणि उडदाचं पीठ भिजवायला आत गेली.