चिकटपट्टीचं टोक

तिच्या अंगठ्याच्या नखाखाली पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा अडकून बसला होता, आणि तो काढावा तर दुसऱ्या बोटाला चिकटायचा, तिथून काढावा तर पुन्हा अंगठ्याला... आज हेच तेवढं राहिलं होतं. बाकीच्या पट्ट्यांचा खिडकीत ढीग होता. कुठलं बोट तारेवर कुठं ठेवायचं ते पोरांना दिसावं म्हणून तिनं प्रत्येक व्हायोलिनवर मोजूनमापून लावलेल्या, आणि वर्गातल्या शिंप्याच्या मुलीनं आज, देणगीदार पाहुणे वाटेवर असताना, एकूण एक सोलून काढलेल्या.

"कुणाला विचारून काढल्यास?"

"पट्टी असली की सगळे बघूनच वाजवतात, मॅडम. ऐकत कुणीच नाही," मुलगी शांतपणे म्हणाली. "धाकट्यांना तर चुकलेलं कळतही नाही."

नाही कळत तर नाही कळत. पाहुण्यांना तरी कुठं कळतं? त्यांना टाळ्या वाजवता आल्या की झालं. त्या वाजल्या तर ही खोली वर्गाकडे राहणार, नाहीतर इथं खुर्च्या रचून ठेवणार, हे वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या बाईंनी गोड शब्दांत तीनदा सांगितलं होतं. आणि वर ही सूचना — मुलांना बोलायला लावा हं, संगीताआधी कशी होती, आता कशी बदलली. गेल्या खेपेला एका पाहुण्यांनी हिलाच विचारलं होतं, बाळ, संगीताआधी तू काय करायचीस? शाळेत जायचे. आणि मग? मग घरी यायचे. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हा तिला स्वतःला हसू आलं होतं. आज मात्र या पोरीच्या सरळपणाचा मनस्वी वैताग आला. खरं बोलायला हिच्या बापाचं काय जातंय, निस्तरायचं कुणी?

कान तयार व्हायला वर्षं लागतात, आणि यांना परिवर्तन पाहुण्यागणिक हवं — म्हणून तर पट्ट्या. माझ्या व्हायोलिनवर कधी पट्टी नव्हती, तिला आठवलं. बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसायचे, गाण्यातलं ओ की ठो माहीत नाही, पण पानाआडून म्हणायचे, सूर उतरलाय. मी बोट सरकवायची. अजून. मी आणखी सरकवायची. सूर जागेवर आला की ते नुसतं पान उलटायचे... किती राग यायचा त्यांचा.

तिनं पिशवीतून नवं रीळ काढलं आणि खिडकीकडे तोंड करून त्याचं टोक शोधू लागली. टोक सापडेना. रीळ फिरवून फिरवून नख दुखायला लागलं, आणि मागे कुणीतरी धाकट्यानं सूर लावला — असा की दात आंबावेत.

"उतरलाय," ती न वळता म्हणाली.

सूर चाचपडत वर आला.

"अजून."

आणखी थोडा वर आला, डगमगला, आणि मग एका जागी असा थांबला की बाकीच्यांची कुजबुजही बंद पडली. तिनं वळून पाहिलं. सगळ्यात बुटका मुलगा डोळे मिटून उभा होता, बोट काळ्या लाकडावर, जिथं कसलीच खूण नव्हती. बाकीच्या चौदाजणांना हे जमेल का? आज तर नाहीच. आज नुसता गोंधळ होईल.

खाली गाडीचं दार वाजलं. जिन्यातून बाईंचं पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं हसू वर येऊ लागलं.

"मॅडम," शिंप्याच्या मुलीनं विचारलं, "लावायच्या का परत?" आवाजात हट्ट नव्हता. ती खरंच विचारत होती.

आणि नेमकं आत्ता टोक सापडलं. नखाखाली स्पष्ट लागत होतं, ओढलं की निघणार होतं. वैताग तसाच होता — पोरीचा, बाईंचा, त्या हसण्याचा. पण इतका वेळ जी भीती होती ती जागा सोडून भलतीकडेच गेली होती. मगाशी वाटत होतं, खोली जाईल. आता वाटत होतं, खोली राहावी म्हणून मी ही पट्टी लावीन.