पंधरा नंबरचा हँगर

रग्बीचा संघ निवडायचं काम दोन ठिकाणी चालायचं. एक निवड समितीच्या बंद खोलीत आणि दुसरं या लाँड्रीत. समितीत काय बोलणं होई ते बाहेर कुणाला कळत नसे. लाँड्रीतलं मात्र समोरच्या फुटपाथपर्यंत ऐकू जाई.

दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली होतं. आत शिरलं की इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास अंगावर यायचा. बाहेर गारठा असला की कपडे न्यायला आलेली माणसंही उगाच घुटमळायची. मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठ एक आणि नोकर एक, आणि नोकर म्हणजे त्यांचीच बायको, सगळ्यांच्या वहिनी. कोपऱ्यातल्या खिडकीशी शेठची थोरली बहीण तुटलेली बटणं लावत बसे. वहिनी त्यांना वन्सं म्हणत. त्यांची सुई जितकी बारीक, तितकीच जीभ.

काउंटरवर भिंतीपासून भिंतीपर्यंत एक लोखंडी दांडी होती. संघ जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी तिच्यावर पंधरा लाकडी हँगर चढत. प्रत्येकावर खडूने नंबर आणि खेळाडूचं नाव. हा लाँड्रीचा संघ. ज्याच्यावर सगळ्यांचं एकमत तो दांडीवर, आणि जो मनातून उतरला त्याचा हँगर मागच्या कपाटात. त्या कपाटात लोकांनी न नेलेले कपडे असत. कुणाचा लग्नातला कोट, कुणाची एकच बाही उसवलेली साडी, आणि त्यांच्यात अडकवलेले हे उतरलेले गडी.

मागच्या वेळी दांडीवर पंधरा नंबरला जे नाव होतं, ते वहिनींच्या मुलाचं होतं.

लहानपणी वर्गात सगळ्यांत बुटका म्हणून त्याचं नाव ठेंगू पडलं. पुढे तो असा वाढला की दुकानात शिरताना त्याला मान वाकवावी लागे, पण नाव काही वाढलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तो देशाकडून खेळायला उतरला. पंधरा नंबर म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहणारा गडी. समोरच्यांनी उंच मारलेला चेंडू झेलायचा, आणि पुढचे सगळे चुकले तर शेवटचा माणूस आडवा पाडायचा, ही त्याची कामं. पहिल्याच सामन्यात ठेंगूच्या हातून उंच चेंडू दोनदा सुटला. दुसऱ्यांदा सुटला तेव्हा समोरच्यांनी तो उचलून आपल्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला, म्हणजे ट्राय केला, आणि सामना तेवढ्यानेच गेला.

त्या संध्याकाळी दुकानात कुणी काही बोलायच्या आत शेठ स्टुलावर चढले आणि मुलाचा हँगर त्यांनी आपल्या हाताने खाली काढला. "घरचा म्हणून सूट नाही," एवढंच म्हणाले आणि तो कपाटात टांगून आले. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर इतके भारावले की त्यांनी त्या कपाटाचा फोटो काढून सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'याला म्हणतात निःपक्षपातीपणा.'

संघात निवड झाली तेव्हा कौतुकाने ठेंगूलाही त्या ग्रुपमध्ये घेतलं होतं, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. फक्त वहिनींनी पाहिलं होतं. त्या फोटोखाली त्याने नुसता अंगठा पाठवला होता. त्यानंतर तो प्रशिक्षण केंद्रातून घरी फिरकला नाही; सामन्याचे बूट आणि जर्सीची पिशवी तेवढी मित्राबरोबर पाठवली, 'हात लावू नकोस' असं आईला कळवून.

आणि आज सकाळी त्याचा फोन आला.

"आई, मुख्य संघात मी नाही. ब संघाच्या दौऱ्यावर येतोस का म्हणून विचारलंय. संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"मग?"

"नाही म्हणणार आहे. मित्राच्या कुरिअरच्या ऑफिसात जागा आहे, तिथे लागतो."

वहिनींच्या हातात ओली चादर होती, ती तशीच राहिली. "एका सामन्यावरून?"

"सामन्याचं नाही गं. बाबांना नुसता कपडा बघून कळतं की नाही, डाग निघणार की नाही? कधी चुकलेत का ते? त्यांनीच टांगलंय ना मला त्या कपाटात."

आवाजात राग असता तर वहिनींना बरं वाटलं असतं. राग नव्हता. हिशेब संपवून उठलेल्या माणसासारखा तो बोलत होता. "घरी ये," त्या म्हणाल्या. "तुझे बूट, पिशवी, सगळं इथेच आहे. ते घेऊन जा, मग काय सांगायचं ते सांग. एवढं माझं ऐक." तो बरं म्हणाला.

वहिनींनी शेठना काही सांगितलं नाही. सकाळपासून तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मशीन थांबल्याची घंटा वाजली. निमित्तच हवं असलं की घंटाही पुरते. मनातल्या मनात देवाला म्हणाल्या, शब्द तूच सुचव, मला घाईत बोलता येत नाही.

दुपार उलटली आणि मंडळी जमली. डॉक्टर जिना उतरून आले. पाठोपाठ पंच आले. पंच म्हणजे बसचे निवृत्त कंडक्टर. शाळांच्या सामन्यांत कधीकाळी शिट्टी वाजवली होती, तेव्हापासून जगातल्या कुठल्याही भांडणात निकाल देण्याचा हक्क आपला, असं ते धरून चालत. दांडीवर चौदा हँगर चढले. पंधराव्याची जागा रिकामी राहिली. वहिनींकडे चोरून बघत सगळे आवाज खाली आणून बोलत होते, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

"पंधराला आता एकच नाव," डॉक्टर म्हणाले. "तो नवा अठरा वर्षांचा पोरगा. काय हात आहेत! असा खेळाडू शतकात एकदा होतो."

"किती सामने बघितलेत त्याचे?" वन्संनी दोरा दाताने तोडत विचारलं.

"एक. म्हणजे अर्धा. मध्ये एक पेशंट आला होता."

"अर्ध्या सामन्यात शतक संपवलंत. मोठं काम केलंत."

"ताई, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," पंचांनी निकाल दिला.

"पाय दिसतात हो. पाळण्यात चेंडू कुणी मारलाय उंच?"

पंच हसले, पण हटले नाहीत. "माझं तत्त्व साधं आहे. मोठ्या सामन्यात ज्याचे हात कापले, त्याचे पुन्हा कापणार. बसमध्येही तेच. पहिल्या दिवशी ज्या ड्रायव्हरने स्टॉप चुकवला, तो..."

"तो पुढे तीस वर्षं तुम्हाला घेऊन हिंडला," वन्सं म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंत मागे. त्याच्या मुलीच्या लग्नात जेवायला गेला होतात."

"तो अपवाद."

"डॉक्टर, तुम्ही दात काढण्याआधी हलवून तरी बघता ना? की पेशंटने आ केला की घातला चिमटा?"

"ताई, तुम्ही आता घरचं धरून बोलताय," डॉक्टर हळूच म्हणाले.

"घरचं धरून? मग बाहेरचं धरून बोलते. त्याच सामन्यात शेवटी तो रेड्यासारखा गडी रेषेवर येऊन पोचला होता. कुणी आडवा केला त्याला? ते नाही झालं कुणाच्या लक्षात. चेंडू पडला तो सगळ्यांनी पाहिला."

शेठ इस्त्रीच्या टेबलाशी पाठ करून उभे होते. एकाच शर्टाच्या एकाच कॉलरवरून इस्त्री परत परत फिरत होती. वहिनींनी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, आता बोलावं. तेवढ्यात पायऱ्यांवर कुणाचीतरी चाहूल लागली.

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत आले. ओशाळल्यासारखे उभे राहिले. "माझा एक कोट होता. करडा. मागच्या हिवाळ्यात टाकला होता. मग पाय मोडला, मग मुलीकडे राहिलो. पावती कुठे गेली देव जाणे. आता नसेलच म्हणा, पण जाता जाता विचारावं म्हटलं."

शेठनी इस्त्री उभी केली. कपाटाकडे गेले, दार उघडलं आणि न शोधता हात घातला. करडा कोट बाहेर आला. खांद्यांवर कागद घातलेला, खिशात डांबरगोळ्यांची पुरचुंडी, बटणं सगळी जागच्या जागी.

म्हाताऱ्यांनी बाही चाचपून पाहिली. "हा तर नवा दिसतो. टाकून कसा नाही दिलात?"

"महिन्यातून एकदा वारा देतो सगळ्यांना," शेठ म्हणाले. या विषयावर बोलताना त्यांचा आवाज नेहमी भरून येई. "आमच्या वडिलांचा नियम आहे. वर्ष झाल्याशिवाय कुठल्या कपड्याला बेवारस म्हणायचं नाही. माणूस आजारी असतो, अडचणीत असतो, विसरतो. येतो पण."

कोट अंगावर चढवूनच म्हातारे गेले. डॉक्टरांनी त्यांना हात धरून पायऱ्या चढवल्या. कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं. कोट निघाला त्या जागेमागे एक रिकामा हँगर दिसत होता. त्यावर पंधरा, आणि खाली शेठच्याच अक्षरात ठेंगूचं नाव.

वहिनी चादरीची घडी घालत होत्या. घडी पुरी करून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"अहो," त्या म्हणाल्या, "याला किती दिवस झाले?"

शेठनी वळून पाहिलं. "कशाला?"

"या हँगरला. परक्याचा कोट तुम्ही वर्षभर वारा देऊन जपता. याला आपण एका सामन्याची ऐंशी मिनिटं दिली."

मग वहिनींनी सकाळचा फोन सांगितला, जसा झाला तसा. ब संघ, कुरिअरचं ऑफिस, आणि बाबा कपडा बघून ओळखतात ते. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. डॉक्टर दारातच थबकले होते.

"तो ग्रुपमध्ये आहे?" शेठनी विचारलं.

"तुम्हीच घेतलंत ना."

शेठ स्टुलावर बसले. डॉक्टरांनी खिशातून फोन काढला, पाहिला आणि परत ठेवला. "वहिनी, मी तो फोटो..." ते म्हणाले.

"मीच का काढला माहितीये?" शेठ म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते. "दुसऱ्या कुणी हात लावला असता तर मला बघवलं नसतं. म्हटलं आपणच काढावा. म्हणजे त्याच्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही."

"ते आम्हाला आज कळलं," वन्सं म्हणाल्या. या वेळी त्यांच्या बोलण्याला सुई नव्हती. "त्याला कसं कळावं?"

पंचांनी घसा साफ केला. "मग त्यात काय, चढवा दांडीवर. माझी हरकत नाही. डॉक्टर, तुमची?"

"छे छे. एकमताने," डॉक्टर घाईने म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाल्या. "तो काय लहान आहे? लगेच ओळखेल."

ठेंगू आला तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. तो मान वाकवून आत शिरला. सगळ्यांना 'कसे आहात' म्हणाला. डॉक्टर काउंटरवरच्या पिना वेचायला लागले. तो आईजवळ गेला. "पिशवी कुठंय?"

"आत आहे. देते."

त्याची नजर दांडीवर गेली, रिकाम्या जागेवर क्षणभर थांबली आणि खाली आली. शेठ उठले. कपाटातून त्यांनी हँगर काढला. मुलासमोर उभे राहिले आणि हँगर असा धरला, जसा गिऱ्हाइकाला कपडा दाखवताना धरत.

"मुख्य संघात पंधराला तू अजून नाहीस," ते म्हणाले. "माझं मत मी बदललेलं नाही. दोन्ही वेळा चेंडू खाली आल्यावर तू त्याच्याखाली पोचलास. आधी पोचून थांबायला हवं."

पंचांनी कपाळाला हात लावला. वहिनींना वाटलं, झालं, संपलं सगळं. पण मुलाने मान वर केली होती.

"माहितीये," तो म्हणाला. "उजेड डोळ्यात येत होता. सरावात आता तेच करतोय रोज."

"करतोयस?"

"करत होतो. सकाळपर्यंत."

शेठनी मान हलवली. मग ते इस्त्रीच्या टेबलामागे गेले. तिथे दुसरी, बुटकी दांडी होती. हातात घेतलेल्या कामाची. पाण्यातून निघालेले, अजून इस्त्री व्हायचे असलेले शर्ट तिथे ओळीने लटकत. तिच्यावर संघाचा हँगर आजवर कधी चढला नव्हता. शेठनी दोन ओल्या शर्टांच्या मध्ये जागा केली आणि हँगर तिथे अडकवला.

"याची जागा ही होती," ते म्हणाले. "कपाटात टांगला तिथे मी चुकलो. इतकी वर्षं हेच काम करतोय, तरी."

एवढं बोलून त्यांनी इस्त्री उचलली आणि ती तापली आहे का ते ओल्या बोटाने बघू लागले. ती केव्हाची तापलेली होती.

ठेंगू तिथेच उभा राहिला. शर्टांतून ठिबकणारं पाणी हँगरवरच्या खडूपर्यंत येत होतं. त्याने तो थोडा बाजूला सरकवला. मग खिशातून फोन काढून तो पायऱ्या चढून रस्त्यावर गेला.

काचेतून वहिनींना त्याच्या गुडघ्यापर्यंतचंच दिसत होतं. पाय इकडून तिकडे जात होते, थांबत होते, पुन्हा चालत होते. काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं. वन्संनी बटणाला चार टाके जास्तच घातले. वहिनींनी हात जोडले होते, फक्त ते पदराखाली.

पाय पायऱ्यांकडे वळले. मान वाकली.

"आई, ती पिशवीतली जर्सी धुतलीस का?"

"नाही रे. तू हात लावू नको म्हणालास, तशीच आहे."

"मग आज टाक पाण्यात. परवा निघायचंय." आणि शेठकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गवताचे डाग आहेत. निघतील?"

वहिनींनी आतून आणलेली जर्सी शेठनी हातात घेतली. उजेडाकडे धरली. नेहमी ते नुसतं बघून सांगत. या वेळी त्यांनी ती उलटी करून पाहिली, डागावरून अंगठा फिरवला.

"भिजत घालून बघू," ते म्हणाले.

डॉक्टरांना आता राहवेना. "मग पंधराला तो अठरा वर्षांचा पोरगा नक्की ना?" त्यांनी दांडीकडे बोट करत विचारलं.

"डॉक्टर," वन्सं सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "आधी त्याचा उरलेला अर्धा सामना बघून या."