गोम्बोत्सची ऑक्टोबरातली आंघोळ

मी एक म्हातारा कोमोंडोर कुत्रा आहे. मित्रांनो, पांढऱ्या जटांचा एक ढीग चालत येताना दिसला आणि त्यातून काळं नाक डोकावलं, तर तो मी समजा. डोळेही आहेत मला, पण ते जटांच्या मागे असतात. हंगेरीत, होर्तोबाज नावाच्या सपाट माळरानाच्या कडेला माझं घर आहे. नाव गोम्बोत्स. आमच्याकडे पोटात आलुबुखारा घालून जो गोळा उकडतात, त्याचं हे नाव. पिल्लू असताना मी तसाच दिसायचो म्हणे.

माझा मालक अंब्रुश मेंढपाळ. त्याने मला एका मेंढीच्या बदल्यात आणलं आणि स्वस्तात मिळाला म्हणून खूश झाला. पण मला उंबऱ्यात बघताच त्याची बायको एतेलका म्हणाली, "घेताना एक मेंढी गेली, पोसताना अख्खा कळप जाईल!"

खोटं कशाला बोलू, बाईचं काही चुकलं नव्हतं. वर्षा-दीड वर्षात मी साठ किलोचा झालो. पातेलंभर मक्याच्या कण्या, त्यात मटणाची हाडं आणि वर अर्धा पाव, एवढं मला एका वेळेला लागायचं. पोस्टमनच्या दोन विजारी फाडल्या, त्या भरून द्याव्या लागल्या. त्याबद्दल मला आजही फारसं वाईट वाटत नाही. पण माझा खरा खर्च वेळेचा. माझ्या केसांना फणी चालत नाही. त्यांच्या जटा होतात आणि दर आठवड्याला ती एकेक जट हाताने सुटी करावी लागते. जरा टाळाटाळ केली की अंगावर सगळं मिळून एकच घोंगडं!

अंब्रुशची बोटं जाड, म्हणून हे काम एतेलकाच्या गळ्यात पडलं. रविवारी दुपारी ती अंगणात बसून माझ्या जटा सोडवायची आणि तोंडाचा पट्टा चालूच असायचा. "स्वतःचे केस विंचरायला सवड नाही मला, आणि या नवाबाची वेणीफणी करतेय! पोट म्हणजे कोठार आणि अंग म्हणजे उकिरडा!" मी मुकाट्याने मान खाली घालायचो. हिला मी नकोसा आहे, असंच मला वाटायचं.

कामात मात्र मी कधी कसूर केली नाही. मेंढ्यांत बसलो की मी कुठला आणि मेंढी कुठली, कळायचं नाही. भटकी कुत्री दबकत यायची, आणि एक 'मेंढी' उठून अंगावर धावायची. मग काय, त्यांना पळता भुई थोडी! अंब्रुश येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "गोम्बोत्स आहे म्हणून मला झोप लागते." ते ऐकून माझी छाती फुगायची.

पुढे अंब्रुशचे गुडघे दुखायला लागले. कळप विकला, अकरा मेंढ्या उरल्या. अकरा मेंढ्यांना साठ किलोचा राखणदार! आणि मग डेब्रेत्सेन शहरातून विड नावाचे दातांचे डॉक्टर आले. त्यांना बंगल्याच्या दारात रुबाबदार कुत्रा हवा होता. ते जेवढे पैसे देत होते, तेवढ्यात कपडे धुण्याचं यंत्र येत होतं. एतेलकाचे हात हिवाळ्यात धुण्याने भेगाळायचे, रक्त यायचं. अंब्रुशने त्या हातांकडे पाहिलं आणि हो म्हणाला. लगेच त्याने आणि डॉक्टरांनी सौद्याचा पेला, म्हणजे दारूचा एकेक घोट, घेतला. आमच्याकडे तो पेला पोटात गेला की जीव गेला तरी विकणारा मागे फिरत नाही. मोडलाच सौदा, तर घेणाऱ्याने मोडायचा.

शनिवारी मला न्यायचं ठरलं. ऑक्टोबर होता, आमच्याकडे तेव्हा गारठा पडतो आणि ऊन दिसत नाही. शुक्रवारी सकाळी बाहेर धुकं होतं आणि अंब्रुश मेंढ्या घेऊन गेला होता. एतेलकाने पत्र्याचा मोठा टब ओढला, मला त्यात बसवलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत न्हाऊ घातलं. मित्रांनो, मला रडू आलं. ही मला नटवून घालवून देतेय, एवढंच माझ्या मनात आलं. त्या दिवशी ती एक शब्दही बोलली नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

शनिवारी डॉक्टर आले तेव्हा मी स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसलो होतो. अंगाखाली तळं साचलं होतं आणि घरभर आंबलेल्या पोतेऱ्याचा वास सुटला होता.

"या ना डॉक्टरसाहेब," एतेलका म्हणाली. "तुमचा कुत्रा वाळतोय."

"कधी धुतला?"

"काल सकाळी."

"काल! आणि अजून ओला?"

"अहो, हवा अशीच राहिली तर सोमवार उजाडेल. रोज टॉवेल बदलायचे, कुशीवर फिरवायचा, नाहीतर जटांना बुरशी धरते. बाईसाहेबांना सांगा, दर रविवारी दोन तास काढून ठेवा. आणि तुमचा पोस्टमन कसा आहे हो, चपळ?"

तेवढ्यात मला राहवलं नाही. मी उठलो आणि अंग झाडलं. डॉक्टरांचा फिकट रंगाचा कोट ठिपक्यांनी भरला.

"अंब्रुशकाका," चष्मा पुसत ते म्हणाले, "माफ करा. हा सौदा मीच मोडतो."

त्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर अंब्रुश हसू दाबत म्हणाला, "एतेल, ऑक्टोबरात कोमोंडोरला पाणी लावतात का गं?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं!" ती फणकारली.

मित्रांनो, एतेलकाचे वडील जन्मभर मेंढपाळ होते. त्यांच्याकडे सात कोमोंडोर होते आणि ते सातही तिने लहानपणी न्हाऊ घातले होते, आमच्या उन्हाळ्यात, भर जूनच्या उन्हात.

मला पुसायला सतरा टॉवेल लागले. सोमवारी एतेलकाने ते त्याच टबात, थंड पाण्यात, हाताने धुतले. "सतरा टॉवेल, नवाब! सतरा!" ती ओरडत होती. मी पहिल्यांदाच मान वर करून ऐकत होतो.

तुम्हालाही एखादं पिल्लू आवडलं, तर जरूर आणा. पण आणण्याआधी स्वतःचे हात एकदा नीट बघून घ्या. पुढे त्याचा खर्च त्याच हातांवर पडणार असतो.