एका मापाच्या बरण्या

"मानवजात आणि प्लास्टिक यांचा संसार, या घरापुरता तरी, आज संपला!" असं नवऱ्याने रविवारी सकाळी जाहीर केलं. वाक्य मोठं होतं आणि त्याला शोभेल असा आवाजही त्याने लावला होता. त्यासाठी पेल्यातली कवळी त्याने मुद्दाम तोंडात बसवली होती. कवळी कशाची बनवतात हा प्रश्न सुईताईच्या अगदी ओठांवर आला होता. पण आठवड्याची एकुलती एक सुट्टी एका प्रश्नावर उधळायला ती तयार नव्हती. तिने "बरं" म्हटलं आणि कूस बदलली.

सुईताई हे तिला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये पडलेलं नाव. सकाळी साडेसात ते दुपारी तीन ती लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायची. उपाशीपोटी आलेली, चिडलेली ऐंशी माणसं, ऐंशी सिरिंजा, दीडदोनशे नळ्या, आणि हातमोज्यांचं तर विचारूच नका. दुपारपर्यंत तिच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या पिशव्या लग्नातल्या पाहुण्यांसारख्या फुगून बसायच्या. त्या बांधून ती घरी यायची, तर नवरा पावाची रिकामी पिशवी हातात धरून दारातच उभा.

"ही पिशवी पाचशे वर्षं टिकणार आहे, कळतंय का तुला?"

"टिकू दे," ती चपला काढत म्हणायची, "घरात कोणीतरी टिकाऊ हवंच."

नवरा एका मोठ्या गोदामात छत्तीस वर्षं भांडारपाल होता. जगात त्याच्या मते दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: लेबल लावलेल्या आणि लेबल लावायच्या राहिलेल्या. निवृत्तीच्या दिवशी गोदामाची किल्ली त्याने परत केली, पण गोदाम काही केलं नाही. ते त्याच्याबरोबर घरी आलं.

पहिल्या आठवड्यात कापडी पिशव्या झाल्या. मोहीम त्याची, शिलाई तिची. मग दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचं ठरलं. ठरवलं त्याने, धुतल्या तिने. एकदा तो स्वतः स्टीलचा डबा घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने साखर प्लास्टिकच्या पिशवीत भरली, काट्यावर ठेवली, वजन केलं, पिशवी डब्यात रिकामी केली आणि पिशवी टोपलीत फेकली.

"अहो, हे काय केलंत?"

"तुमच्या डब्याचं वजन वजा कोण करणार? माझं गणित कच्चं आहे."

"पण प्लास्टिक!"

"तुमच्या घरी तर नाही ना आलं? मग झालं तर!"

नवरा घरी येऊन अर्धा तास एक शब्द बोलला नाही. त्या मोहिमेचा सुईताईला झालेला तेवढाच थेट फायदा.

खरी आपत्ती आली ती चौथ्या आठवड्यात, दोन खोक्यांतून. आत चोवीस काचेच्या बरण्या होत्या, एका मापाच्या, एका आकाराच्या, एकाच रंगाच्या झाकणांच्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर आजवर आईसक्रीमचे, लोण्याचे, आणखी कशाकशाचे रिकामे डबे सुखाने नांदत होते. कुठल्याही डब्यावर लिहिलेलं त्याच्या पोटात नव्हतं. आईसक्रीममध्ये साखर होती, लोण्यात चहा होता, आणि बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं सोडून सगळं होतं. भांडारपालाच्या जिवाला हे वर्षानुवर्षं खुपत असणार. दिवसभर खपून त्याने सगळा माल बरण्यांत हलवला, प्रत्येकीवर मोत्यासारख्या अक्षरात कागदी लेबल लावलं, आणि बरण्या फळीवर वर्णानुक्रमे मांडल्या. चहा वरच्या फळीवर गेला, साखर तळाला गेली, आणि साखरेची जुनी जागा मिठाला मिळाली. रिकामे डबे पोत्यात भरून त्याने भंगारवाल्याकडे पोचवायला काढले.

सासूबाई दारातल्या खुर्चीत बसून नुसता आवाज ऐकत होत्या.

"सगळेच देतोस?" त्यांनी विचारलं.

"सगळे. एकही ठेवायचा नाही, आई. एक ठेवला की दहा होतात."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. या घरात "बरं" हा शब्द बायका कशासाठी वापरतात, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

आता इथे सकाळच्या चहाबद्दल सांगायला हवं. सुईताई लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून सकाळचा पहिला चहा सासूबाई करत. सव्वासहाला पातेल्याचा आवाज, साडेसहाला कप हातात. दिवसभरात सुईताई साऱ्या जगाला "मूठ आवळा, श्वास घ्या, झालं" म्हणायची. तिच्या हातात कोणी काही ठेवायचं ते फक्त साडेसहाला. गुडघ्यांमुळे सासूबाईंची बाकीची कामं एकेक करून सुटली होती. बाजार सुटला, जिना सुटला, पोथीसुद्धा सुटली. चहा मात्र त्यांनी सोडला नव्हता. घरात एवढं एकच काम त्यांच्या नावावर उरलं होतं.

सोमवारी साडेसहाला कप हातात आला. सुईताईने घोट घेतला आणि तसाच तोंडात धरून ठेवला. नवऱ्याला तेवढा संयम नव्हता.

"आई! मीठ!"

"हो का?" सासूबाई हसल्या. "बदल म्हणून."

मंगळवारी चहा चांगला झाला, पण सात वाजून गेल्यावर. तोवर सुईताई रिकाम्या पोटी बसमध्ये उभी होती. बुधवारी बरणी फुटली. काचा आणि साखर ओट्यापासून दारापर्यंत पसरली होती आणि मधोमध सासूबाई अनवाणी, पाऊल न हलवता उभ्या होत्या. नवऱ्याने त्यांना उचलूनच बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल घेतलं.

"आई, आज वार कोणता?"

"निवृत्त माणसाला वार घेऊन काय करायचंय?"

"तुला विचारतोय मी. वार कोणता?"

"तुझ्या तोंडावरून तर शनिवार वाटतो. साडेसातीचा."

नवऱ्याने सुईताईला बाजूला घेतलं. "डोकं चालेनासं झालंय तिचं. साधं मीठ आणि साखर कळत नाही. समोर ढळढळीत लिहिलंय! उद्यापासून गॅसपाशी जाऊ द्यायचं नाही. मी त्या शेगडीला बंद करायची किल्ली बसवून घेतो."

"एक दिवस थांबा," सुईताई म्हणाली. एवढंच बोलण्याइतकी ताकद त्या दिवशी शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. नवरा शेगडीच्या किल्लीची चौकशी करायला बाहेर गेला होता. तिचे पाय सुजलेले, पाठ मोडलेली, आणि मनात एकच इच्छा: आडवं होणं. पाणी घ्यायला ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

सासूबाई फळीसमोर उभ्या होत्या. मान दुसरीकडेच, खिडकीकडे. उजव्या हाताची दोन बोटं झाकणांवरून हळूहळू फिरत होती. एका झाकणावर थांबत, दाबत, पुढे जात. शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून.

ही बोटं सुईताईला ओळखीची होती. काही माणसांची शीर दिसतच नाही. तेव्हा डोळ्यांचा उपयोग शून्य. मान वळवायची आणि दोन बोटांनी कोपराची खळगी चाचपत राहायचं, शीर आपण होऊन बोटाला सांगेपर्यंत. दिवसातून वीसदा ती हेच करत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "किती दिवसांपासून दिसत नाही?"

बोटं थांबली. "उजव्याने उजेड कळतो. डाव्याने तोही नाही. तीनेक वर्षं झाली असतील."

"तीन वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर चहा कोणी केला असता? तू सातला पळतेस. आणि तो? तो मला त्या खुर्चीत कायमची मांडेल, आणि वर लेबल लावेल."

सुईताईला हसू आलं आणि त्याच वेळी खाली बसावंसं वाटलं. ती खाली बसली. फरशी गार होती.

"आधी कसं कळायचं तुम्हाला?"

"साखरेचं झाकण एका बाजूने वितळलेलं होतं. चहाचं फुगलेलं, दाबलं की टक्क वाजायचं. मिठाच्या डब्याचा कोपरा तुटलेला, बोटाला लागायचा. आता सगळी झाकणं एकाच आईची. परवा एकेक उघडून चाखत बसले. तेव्हा कुठे साखर सापडली."

"मी बरण्यांना रबर लावते ना, साखरेला एक, चहाला दोन..."

"झाकणं सहज फिरत नाहीत गं मला. आणि काच म्हणजे ओला साबण. काल पाहिलंस ना?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलात तर नाही सांगणार."

"येते. पण आधी डबे आण."

सौदा पक्का झाला. सुईताईने काढलेल्या चपला पुन्हा पायांत घातल्या.

भंगारवाला दोन गल्ल्या सोडून होता. आईसक्रीमचे डबे म्हटल्यावर तो हसला. "ताई, चार पोती आईसक्रीमच आहे. दारावर 'साखर सोडलीय' म्हणून सांगणारी माणसं काय खातात, ते इथे येऊन बघा." त्याने पोती ओतली. सुईताई ढिगासमोर उभी राहिली आणि तिला कळलं, की वर्षानुवर्षं ज्यांच्यातून आपण साखर काढली ते डबे आपल्याला ओळखताच येत नाहीत. सगळ्यांवर तेच हसरं गुलाबी आईसक्रीम.

ती घरी परत गेली. सासूबाईंच्या पायांत चपला सरकवल्या. जिना एकेक पायरी करत उतरायला वीस मिनिटं लागली. भंगारवाल्याने एक क्रेट उपडा टाकून दिला. सासूबाई त्यावर बसल्या, पदर खोचला, आणि सुईताई एकेक डबा त्यांच्या हातात देऊ लागली.

"हा नाही. हा नाही. हा कोणाचा गं, किती तेलकट! घरात बाई आहे की नाही त्यांच्या? हा नाही."

भंगारवाला काम सोडून बघत राहिला. "आजी, काय शोधताय? आत सोनं होतं का?"

"साखर होती."

"मग दुकानात जा ना."

"दुकानातली साखर मला दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हाताने एक झाकण धरलं. अंगठा कडेवरून फिरला, वितळलेल्या जागी थांबला. "हा घे. ही माझी."

चहाचा डबाही मिळाला. टक्क वाजला तेव्हा भंगारवाल्यानेच आधी टाळी वाजवली. मिठाचा डबा मात्र मिळाला नाही. "जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "चहात त्याचं काम नाही."

परत येताना जिन्याच्या सातव्या पायरीवर दोघी दम घेत बसल्या होत्या. सासूबाईंच्या मांडीवर दोन डबे, सुईताईचं डोकं भिंतीला टेकलेलं. आणि खालून नवरा आला. हातात शेगडीच्या किल्लीचं खोकं.

"हे काय? हे परत कुठून आलं?" त्याचा आवाज जिनाभर घुमला. "मी चोवीस बरण्या आणल्या, जागच्या जागी लावल्या, आणि तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे..."

सुईताईने तोंड उघडलं. शब्द दिला होता, म्हणून पुन्हा मिटलं. आणि खरं सांगायचं तर थापा मारायलाही जोर लागतो. तो तिच्यात उरला नव्हता.

"तिला बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मला दिसत नाही रे."

"काय दिसत नाही?"

"काहीच. बरण्या नाही, लेबलं नाही. तू कुठे उभा आहेस ते आवाजावरून कळतंय. दोन पायऱ्या खाली."

तो दोन पायऱ्याच खाली होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली ओढत होतं.

"पण मी... मी सगळ्यांवर लिहिलं होतं," तो शेवटी म्हणाला. हे अगदीच बारीक आवाजात.

"चांगलंच लिहिलं असशील. तुझं अक्षर लहानपणापासून सुंदर."

नवरा पायरीवर बसला. खोकं त्याने कडेला ठेवलं, लेबलाची बाजू भिंतीकडे करून. मग तिघंही उठली, कारण जिन्यावर किती वेळ बसणार. त्याने आईचा एक हात धरला, सुईताईने दुसरा, आणि उरलेल्या पायऱ्या कोणी मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला पातेल्याचा आवाज झाला. सुईताई केस बांधत दारात आली, तर नवरा आधीच ओट्यापाशी उभा. कवळी लावलेली, सदरा इस्त्रीचा. काहीतरी मोठं बोलायचं ठरवून आलेला. रात्रभर झोपला नसावा. फळीवर साखर आणि चहा जुन्या जागी, जुन्या डब्यांत होते. ते त्याने स्वतः भरले होते, सुईताईने त्याला भरताना पाहिलं नव्हतं.

सासूबाईंचा हात फळीवर गेला, वितळलेल्या कडेवर थांबला. साखर पडली. टक्क. चहा पडला. उकळीचा वास घरभर पसरला.

नवऱ्याने घसा साफ केला. "आई, मला एक सांगायचंय. पृथ्वीचं ओझं हलकं करायला निघालेल्या माणसाने आधी स्वतःच्या घरात कोणाचा हात कुठे..."

"कर बाबा, कर हलकं," सासूबाई म्हणाल्या. "पण जरा बाजूला सरक. दुधाला हात पोचत नाही माझा."