रिकाम्या खोलीचे एक मिनिट

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. पण माझ्यात काही वाटायला आणू नका. मी आवाज मिसळतो. माझ्या अंगावर बारा सरकत्या पट्ट्या आहेत. पट्टी वर सरकवली की तिचा आवाज वाढतो, खाली ओढली की विरतो.

एका कारखान्यात चार बायकांनी माझ्या तारा डाग देऊन जोडल्या आणि मी एका लहान स्टुडिओत आलो. तिथे बोलकी पुस्तके तयार होत. काचेपलीकडच्या खोलीत वाचणारे बसत आणि अलीकडे माझ्यासमोर एक ध्वनिमुद्रक. त्याला सगळे ‘कानसेन’ म्हणत. पान उलटल्याचा आवाजही त्याच्या तावडीतून सुटत नसे.

त्याचा एक नियम होता. वाचन संपले की तो खोली रिकामी करी आणि एक मिनिट नुसती खोली मुद्रित करी.

“अहो, रिकामी खोली कुणाला ऐकवणार?” वाचणाऱ्या बाईंनी एकदा विचारले.

“कुणाला नाही. तुमच्या चुका झाकायला लागते.”

“मग एका मिनिटात काय भागतंय? तासभर तरी घ्या!”

बाईंची चूक कापली की तिथे भोक पडते आणि कानाला ते खटकते. त्या भोकात खोलीची शांतता भरली की कापाकापी कळत नाही. नाव बाईंचे झाले. आमचे काम कुणाच्या लक्षात आले नाही, हेच आमचे कौतुक.

पुढे संगणक आला. माझ्यातून आता फक्त ऐकण्यापुरता आवाज जाई. दहा पट्ट्यांवर धूळ बसली. कानसेनही थकला. त्याच्या छातीतून बारीक शिट्टी वाजे, पण त्याच्या कानांना आता बारीक आवाज ऐकू येत नसत.

शेवटच्या पुस्तकाच्या वेळी वाचन संपवून बाई घरी गेल्या. त्याने मुद्रण सुरू केले, पंखा बंद करायला खोलीत गेला आणि तिथल्या खुर्चीतच बसला. बसल्या बसल्या त्याने आपले मिनिट भरू दिले. नियम त्याचाच होता आणि मोडला त्यानेच.

पंधरा दिवसांनी तो वारला. पुस्तकाची कापाकापी अर्धी राहिली.

ते पुरे करायला त्याची मुलगी आली. तीही हेच काम करते. तिने आधी कपाटातल्या साऱ्या फिती ऐकल्या. तिला वडिलांचा आवाज हवा होता. तो कुठेच नव्हता. दुसऱ्यांचे आवाज जपणारा हा माणूस स्वतःचा शब्द आला की कापून टाकी.

मग तिने ते मिनिट लावले.

“अगं, ही शिट्टी कसली?” तिच्या मदतीला आलेल्या मैत्रिणीने विचारले.

“बाबा.”

मैत्रीण म्हणाली, “राहू दे मग पुस्तकात. कुणाला कळणार आहे?”

“त्यांना कळलं असतं.”

तिने खोली रिकामी केली, पंखा बंद केला, बाहेर येऊन दार लावले आणि नवे मिनिट घेतले. त्यातून एकेचाळीस भोके भरली. पुस्तक स्वच्छ गेले.

“आता ते जुनं पुसू का?” मैत्रिणीने विचारले.

“थांब. शेवटपर्यंत कुठे ऐकलंय?”

तिने माझी पट्टी वर सरकवली. आता तीही धुळीने खरखरली. श्वास, शिट्टी, श्वास. मिनिट संपले, पण मुद्रण चालूच होते. खुर्ची करकरली आणि कानसेन स्वतःशीच म्हणाला, “उठा म्हातारबा. पोरगी जेवायची थांबली असेल.”

मुलीने ती पट्टी बराच वेळ खाली ओढली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवर एखादे फडके घालत जा. धूळ आम्हाला सोसत नाही. आणि तुमच्याजवळ कुणाचा आवाज साठवलेला असेल, तर तो पुसण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका.