वरच्या आळीचं पाणी

"एवढंसं पाणी सोडतीस आनि वर तोंड दाखवाया येतीस व्हय गं?" म्हणत अक्कम्मानं हातातली रिकामी घागर मायाक्काच्या अंगावर फेकली. घागर खांद्याला लागून रस्त्यावर खडखडत गेली. वरच्या आळीतल्या बायका नळाभोवती उभ्या होत्या. एकही मधे पडली नाही.

वैशाखाचं ऊन होतं, काळी रानं भेगाळली होती. दुधनीच्या अलीकडच्या त्या गावात नळाला पाणी सोडायचं काम पंचायतीनं कल्लप्पाला दिलेलं. दिवाळीत त्याला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड पडली. तेव्हापासून त्याची बायको मायाक्का टाकीवर जात होती. नाव नवऱ्याचं, राबणं हिचं. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

मायाक्कानं घागर उचलून अक्कम्माच्या दारात ठेवली.

"अक्का, माजं कुटंतरी चुकतंय. काय ते मला कळंना झालंय."

"तुला कळंस्तवर आमी काय माती चावायची?"

उतारावरून येताना तिच्या डोळ्यांना धार लागली. कळणारा गावात एकच होता, धोंडप्पा. कल्लप्पाच्या आधी हे काम तोच करायचा. म्हातारा आंधळा झालाय, असं चावडीवर ओरडून कल्लप्पानं ते त्याच्या हातचं काढून घेतलं होतं. दोन्ही घरांचं बोलणं तुटलेलं. तरी ती त्याच्या दारात गेली.

"नवऱ्यानं धाडली व्हय?" धोंडप्पानं विचारलं.

"न्हाय अज्जा. त्यास्नी ठावंबी न्हाय."

"मग आलीस तशी जा."

ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत आली. त्याच्या पुढच्या दिवशीही. म्हाताऱ्याची सून नाक मुरडून आत जायची. शेवटी धोंडप्पाच खवळला.

"लाज न्हाय वाटत गं तुला?"

"वाटती की अज्जा. पर काम येत न्हाय, त्याची लई वाटती."

म्हातारा काठी घेऊन उठला. टाकीखाली येऊन त्यानं पाइपावर काठी आपटली.

"दोनी आळ्यांचं एकदम सोडतीस. खालचे नळ समदं वढून घेत्यात. पैलं बोरला पानी दांडगं हुतं, चालून गेलं. आता वरचं आदी सोड. खालचं मागनं."

खालच्या आळीला थांबायची सवय नव्हती. सरपंचाचा पुतण्या गुरुशांत तर अंगावरच आला. "तुजी मनमानी हाय व्हय?"

ती दारोदार फिरली. "दादा, कमी न्हाय पडायचं. जरा उशीर हुईल, तेवढं सोसा." कुणी ऐकलं, कुणी दार लावून घेतलं. शिव्या खात तिनं उन्हाळा काढला, पण वरच्या नळाची धार तुटू दिली नाही.

ग्रामसभेत सरपंच म्हणाला, "कल्लप्पा काय आता उठत न्हाय. ही जागा गुरुशांतला देऊ."

मायाक्का खांबाआड उभी होती. तेवढ्यात बायकांतून अक्कम्मा उठली.

"मी हिच्या अंगावर घागर फेकली हुती. हिनं उलटा शबुद काडला न्हाय, आमच्या दारात पानी आनलं. ह्यो गुरुशांत कवा टाकी चढलाय का, इचारा की त्याला!"

वरच्या आळीच्या बायकांनी एकच गलका केला. धोंडप्पानंही बसल्या जागेवरून काठी वर केली. गलका थांबेना तेव्हा ग्रामसेवक म्हणाला, "बरं, मायाक्काचं नाव लावू. पण मग कल्लप्पाचं कमी करावं लागेल. चालेल का?"

सगळे तिच्याकडं बघत होते.

"चालंल," ती हळूच म्हणाली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. धोंडप्पाच्या दारात गेलेलंही लपवलं नाही. कल्लप्पाचे ओठ कितीतरी वेळ नुसते हलत राहिले.

"मा...जं... नाव?"

"कमी केलं."

नुसतं कागदावर कमी केलंय, असं म्हणता आलं असतं. तिनं म्हटलं नाही. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिनं भाकरी-आमटी वाढून ताट जवळ सरकवलं. तो वळला नाही. त्याचा गार पडलेला उजवा हात हातात घेऊन ती बसून राहिली. आमटी निवली तरी तो वळला नाही.

मग तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं, आपलं वाढून घेतलं आणि घास उतरत नव्हता तरी सगळी भाकरी संपवली. पहाटे टाकीवर चढायचं होतं, आणि उपाशीपोटी तिला ती शिडी चढवत नसे.