रुमालातली भाकर

मित्रांनो, चर्चच्या कपाटात मेणबत्त्यांच्या खोक्यामागे डोकावलात, तर मी दिसेन. मी एक जुने पितळी तबक. पुढे बशीएवढे तोंड आणि मागे लांब दांडी. कारागिराने मला ठोकून गोल केले तेव्हा वाटले, आता आपल्यात मिठाई येणार. आली कुठली! माझ्या नशिबी आल्या लोकांच्या हनुवट्या.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चालू असताना फादर एकेकाला पवित्र भाकर देतात. तिचा कणही खाली पडू नये, म्हणून घेणाऱ्याच्या हनुवटीखाली मला धरतात. भाकर म्हणजे एक पातळशी चकती, पण कॅथलिक माणसाला ती साक्षात ख्रिस्ताचे शरीर. म्हणूनच इतरांनी ती घ्यायची नसते, आणि ज्याने घेतली त्याने तिथेच खायची असते. पूर्वी फादर भाकर थेट जिभेवर ठेवत, तेव्हा माझा थाट होता. पुढे लोक भाकर हातावर घेऊ लागले आणि मी कपाटात गेले. गरज सरो, वैद्य मरो! आमचे सेवेकरी काका तेवढे मोठ्या प्रसंगी मला घासूनपुसून बाहेर काढतात.

त्या दिवशी एका बाळाचा बाप्तिस्मा होता. बाळाची आई सकाळीच काकांकडे आली.

"काका, माझ्या आईला पुढे बसवा हं. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी तिला आज पहिल्यांदा बोलावलंय. आज काही वाकडं झालं, तर पुन्हा नाही बोलावणार."

तिची आई कॅथलिक नव्हती. पहिल्या बाकावर ती विहीणबाईंशेजारी अंग चोरून बसली होती. भाकर घ्यायला बाकावरचे लोक उठू लागले, तशा विहीणबाई बाजूला सरकल्या आणि त्यांनी हाताने वाट करून दिली. झाले! विहिणीने पुढे केले आणि आपण बसून राहिलो तर अपमान होईल, असे वाटून आई उठली आणि रांगेत लागली. मागे विहीणबाई होत्याच.

फादरांनी आईच्या तळहातावर भाकर ठेवली. तिने ती तोंडात टाकली नाही. रुमालात गुंडाळली आणि वळली.

फादरांशेजारी मला धरून उभे असलेले काका एक पाऊल पुढे सरकले. बाकावर लेक बाळाला घेऊन अर्धवट उठली. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते.

"थांबा, ताई," फादर हळूच म्हणाले. "खाल्लं नाहीत?"

"ह्यांना नेतेय," आई गोंधळून म्हणाली. "अंथरुणाला खिळलेत. नातवाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही अजून. म्हटलं, नातवाच्या घरचं एवढं तरी त्यांच्या मुखी लागू दे."

कोणीतरी मागून "अरे देवा" म्हणाले. मला तर वाटले, आता विहीणबाई कडाडणार.

"ताई, हे घरी नेता येत नाही," फादर म्हणाले. "आणि आमची श्रद्धा असेल त्यांनीच घ्यायचं असतं. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. यात ठेवा."

तिने रुमाल उलगडला आणि भाकर माझ्यात ठेवली. इतकी वर्षे मी पडणारे कण झेलले, पण इतके जड कधी काही वाटले नव्हते. फादरांनी ती स्वतः ग्रहण केली.

"आता हात असे छातीवर ठेवा. आशीर्वाद घ्यायला कोणीही येऊ शकतं. संध्याकाळी मी घरी येतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करायला. चालेल?"

आईने मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते. तिने मागे पाहिले आणि हात जोडले.

"चुकले हो, विहीणबाई."

विहीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. लेकीने बाळाला घट्ट धरले.

"तुम्ही कशाच्या चुकलात?" विहीणबाई म्हणाल्या. "वाट मी करून दिली आणि सांगितलं काहीच नाही. फादर, संध्याकाळी मलाही न्या. आणि बाळालाही. व्याही अंथरुणाला खिळलेत आणि मी अजून उंबरा ओलांडला नाही त्यांचा."

मित्रांनो, पाहुणा आला की आपल्याकडची रीत त्याला आधीच सांगा. पाहुणे म्हणून जाल तेव्हा बेलाशक विचारा. जागेवर बसून राहिलात तरी कोणी नावे ठेवत नाही. विहीणबाईंनी चार शब्द आधी सांगितले असते, तर ती फजिती टळली असती. पण मग त्या संध्याकाळी बाळ आजोबांच्या कुशीत पोहोचले असते का, हे काही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.